व्हीलर घराण्याचा पनवेल मुक्काम

पनवेलविषयी इंग्रजी अमदानीत जी गॅझेटियरे सिद्ध झाली, त्यांत मीठ, भात, खाडीतून मुंबईस ये-जा करणारी पडावे आणि घाटमाथ्यावरून उतरणारे बैलगाड्यांचे तांडे अशा, कोकणातील कोणत्याही बऱ्यापैकी बंदरास शोभावयाच्या गोष्टींची नोंद झाल्यानंतर, लेखनिकाने एक बारीकसे वाक्य असे टाकले आहे की, त्यामुळे या गावाचा पाट इतर बंदरांच्या पंक्तीतून उचलून जरा निराळा मांडणे भाग पडते. त्या वाक्याचा आशय असा की, येथील मुख्य कारागिरी गाडीची चाके करण्याची असून, देशावरून आलेला गाडीवान परतताना चाकांची एक जोडी संगती नेण्याच्या खटपटीत असतो. साहेबाच्या दफ्तरात एतद्देशीय मालाची तारीफ सहसा सांडलेली आढळत नाही. तेव्हा गाडीवानाची ही ओढ त्याने टिपून ठेवण्याची तसदी घेतली, त्या अर्थी माल खरोखरच नेण्याजोगा असला पाहिजे.

ज्या गावाने अवघ्या देशावरील मुलखाला चाकांवर उभे केले, त्या गावात चाकावरून पडलेले एकही आडनाव माझ्या ऐकिवात नाही. चक्रदेव आहेत, पण त्यांच्या चक्राचा संबंध सुताराच्या वाकसापेक्षा श्रीविष्णूच्या उजव्या हाताशी असावा असा सर्वसाधारण समज आहे, आणि तो खोडून काढण्याचे धाडस मी करणार नाही. चाकणकर आहेत, पण ते चाकण गावचे. गाडे आहेत, गाडेकर आहेत. परंतु गाडी असणे निराळे आणि तिला चाक करून देणे निराळे, हे ज्याची गाडी घाटात मोडून पडली आहे त्याला सांगावयास नको.

याउलट, ज्या इंग्रजाने ही नोंद केली त्याच्या देशात चाके करणाराच्या वंशजांना, त्यांनी पुढे वाकस हाती धरला असो वा नसो, शतकानुशतके व्हीलर म्हणतात. जुन्या इंग्रजीतील चाकवाचक शब्दाला 'करणारा' या अर्थाचा प्रत्यय जोडला की हे नाम सिद्ध होते. व्युत्पत्तीत याहून अधिक गूढ काही नाही, आणि म्हणूनच ती सांगताना विद्वानांना तितकासा आनंद होत नाही. हे आडनाव विशेषेकरून दक्षिण इंग्लंडातले. उत्तरेकडे त्याच कारागिराला राइट म्हणत, म्हणजे नुसता 'घडविणारा'. क्वचित पूर्ण आदराने व्हीलराइट म्हणत. आणि चाकावर न थांबता सबंध गाडीच घडवून देणारा असेल तर कार्टराइट किंवा वेनराइट. या मंडळींच्या लंडनमधील संघाला राजाची सनद मिळाली ती १६७० साली, म्हणजे ज्या वर्षी तानाजी मालुसरे सिंहगडाचा कडा चढत होते त्याच वर्षी. इकडे आमची माणसे स्वराज्यासाठी जीव देत असता तिकडे सुतारांचा सनदेसाठी तगादा चालला होता, असे म्हणून मोकळे होण्याचा मोह मला होतो खरा. परंतु चाकांवाचून तोफ कोणत्याच गडाखाली पोहोचत नाही, हे ध्यानात घेता तो आवरणेच शहाणपणाचे.

वास्तविक चाक हे एकट्याचे काम नव्हे. मधला तुंबा कोरावा, त्यात आरे ठोकावेत, आऱ्यांवर वक्र लाकडांचे कडे बसवावे, इथपर्यंत सुताराचे राज्य; नंतर लोहाराचा अंमल सुरू होतो. लोखंडी पट्टीचे कडे लाकडी घेरापेक्षा किंचित तोकडे करून गोवऱ्यांच्या विस्तवात लाल होईतो तापवायचे, तापून ते फुगले की सांडशींनी उचलून चाकावर चढवायचे, आणि लाकूड पेट घेते न घेते तोच वरून घागरीच्या घागरी रिचवायच्या. लोखंड आकसते, आरे तुंब्यात घट्ट रुततात, आणि मग ही धाव त्या चाकाला अशी काही आवळून धरते की, पुढे सुतार आणि लोहार यांचे आपसांत बोलणे बंद झाले तरी चाकाला त्याची वार्ता लागत नाही. इंग्लंडात मात्र चाकाचे श्रेय आणि आडनाव सगळे सुताराने घेतले. लोहाराने त्याचा सूड संख्येने उगवला.

कारण लोहार म्हणजे स्मिथ. आणि स्मिथांची मोजदाद हा साम्राज्ये बुडवील असा विषय आहे. अमेरिकेच्या २०१० सालच्या खानेसुमारीत हे आडनाव पहिल्या क्रमांकावर असून तेथे स्मिथांची संख्या २४,४२,९७७ भरली. खुद्द इंग्लंड-वेल्समध्येही ते पाच लाखांच्या वर आहेत. व्हीलर त्या मानाने मध्यम स्थितीतले गृहस्थ, अमेरिकेत लाखाहून थोडे अधिक, आणि इंग्लंडात पाहावे तर सर्वत्र थोडेथोडे. यावरून एखाद्या अविचारी माणसाने असा निष्कर्ष काढावा की, मध्ययुगीन इंग्लंडात ज्याला त्याला लोखंड ठोकण्याचेच वेड होते. माझे मत नेमके उलट आहे. जेथे दहा घरे लोहारांची, तेथे 'जॉन लोहार' म्हणून हाक मारली तर दहा जॉन ओ देतील, आणि हाक मारणाराची पहार तशीच बोथट राहील. अशा ठिकाणी एक जॉन लांब्या, दुसरा तांबड्या, तिसरा ओढ्याकाठचा असाच ओळखला जाणार. 'लोहार' हे नाव चिकटते ते गावात एकच लोहार असेल तेथे. तेव्हा लक्षावधी स्मिथ हे लोहारांच्या गर्दीचा पुरावा नसून, हजारो खेड्यांत प्रत्येकी एकेकट्या बसलेल्या लोहाराच्या एकांतवासाचा पुरावा होत. चाके करणारा हरेक खेड्यात नसावा. चारसहा गावांत मिळून एखादा, म्हणून व्हीलर उणे. आडनावाची लोकप्रियता म्हणून जी म्हणतात ती अशी असते: एका ठिकाणी दुर्मिळ आणि सर्व ठिकाणी उपलब्ध.

हा न्याय पनवेलला लावला की आरंभीचे कोडे सुटते. ज्या पेठेत चाके घडविणारांची आळीच्या आळी गजबजलेली, तेथे 'चाकवाला' म्हणून कोणाला वेगळे ओळखणार? शिवाय आपल्याकडे धंदा सांगण्याचे काम आडनावावर टाकण्याची गरजच नव्हती. ते ज्ञातीने अगोदरच, जन्माच्याही आधी, आणि कोणाची संमती न विचारता करून ठेवले होते. इंग्लंडात सुताराचा मुलगा शिंपी झाला तरी व्हीलर राहू शकला, कारण तेथे आडनाव गोठले आणि धंदा मोकळा राहिला. इकडे धंदा गोठला आणि आडनाव मोकळे राहिले, म्हणून ते वाटेल तेथे जाऊन बसले: भाजीपाल्यावर, पशुपक्ष्यांवर, पूर्वजाच्या एखाद्या फजितीवर, आणि मुख्यत्वेकरून गावावर.

गावावरून पडलेल्या आडनावाचीही तीच तऱ्हा. पनवेलकर आडनावाचा मनुष्य पुण्यात सापडेल, मुंबईत सापडेल, नागपुरास सापडला तरी आश्चर्य नाही; परंतु हे आडनाव खुद्द पनवेलीत पडलेले असणे शक्य नाही, कारण तेथे मामलेदारापासून म्युनिसिपालिटीच्या दिवाबत्तीवाल्यापर्यंत सारेच पनवेलकर होते. गाव सोडल्यावाचून गाव नावाला लागत नाही. जॉर्ज वॉशिंग्टन हा मुळात वॉशिंग्टनकर. उत्तर इंग्लंडातील त्या नावाच्या गावाशी त्याच्या पूर्वजांचा संबंध होता. गाव सोडून ते घराणे अटलांटिकपार गेले आणि तेथे त्यांच्या वंशजाच्या नावाने पुन्हा एक गाव वसविण्यात येऊन तीच राजधानी झाली. आमच्या एखाद्या पनवेलकराने परमुलखी जाऊन असे काही केले नाही, याचे कारण बहुधा एवढेच की, त्याचा जीव सदैव येथील सात-बाराच्या उताऱ्यात गुंतलेला असतो.

आडनाव ही वस्तू माणसाच्या गरजेतून निघाली असे वाटते, ते साफ खोटे आहे. शेजाऱ्याला आडनाव लागत नाही, बायकोला तर नावही लागत नसे. आडनाव लागते ते सरकाराला, आणि तेही वसुलाच्या वेळी. इंग्लंडच्या राजाने १३७७, १३७९ आणि १३८१ या सालांत डोईपट्टी बसविली, तेव्हा कारकुनांनी गावोगाव हिंडून याद्या केल्या आणि नावापुढे धंदा टिपला. त्या पट्टीने चिडून १३८१ साली जे बंड झाले त्याचा पुढारी वॉट टायलर, म्हणजे घर शाकारणारा कौलारू. कारकुनाने ज्याला कौलारू म्हणून कागदावर चढविला, तोच सरकारच्या घरावर चढावा यात काव्यगत न्याय आहे. आपल्या जुन्या कागदांतही 'अमुक बिन तमुक' एवढ्यावर सारे भागत असे. बाप ठाऊक असला की कुळ ठाऊक, आणि कुळ ठाऊक असले की जप्ती कोठे न्यायची तेही ठाऊक.

हुद्द्यांच्या बाबतीत मात्र आम्ही इंग्रजांस हार जात नाही. फडणीस, चिटणीस, सबनीस, पोतनीस, पारसनीस, कारखानीस, मुजुमदार, दफ्तरदार, हवालदार, जमादार अशी जी भरजरी पंगत आमच्या आडनावांत बसली आहे, तिच्यापुढे त्यांचे क्लार्क, स्टुअर्ट, बेली आणि मार्शल म्हणजे अगदीच शिधापाण्याला आलेले दिसतात. क्लार्क हा कारकून, स्टुअर्ट हा वाड्याचा कारभारी, आणि मार्शल, ज्या नावापुढे पुढे फील्ड लागून सेनापती थरारू लागले, तो मुळात घोड्यांची निगा राखणारा चाकर, आपला मोतद्दार. आडनावाची प्रतिष्ठा कालांतराने कोठून कोठे पोहोचेल याचा नेम नाही. आमचा पोतनीस मात्र तिजोरी गेल्यावरही पोतनीसच राहिला, त्याला फील्ड मिळाले नाही.

मार्शलवरून आठवले. हिंदुस्थानच्या पुरातत्त्व खात्याची सूत्रे १९०२ पासून १९२८ पर्यंत सर जॉन मार्शल यांच्या हाती होती. मध्ये दोघातिघांच्या कारकिर्दी होऊन १९३७ साली ती रावबहादुर काशिनाथ नारायण दीक्षित या महाराष्ट्रीय पंडिताकडे आली. आणि १९४४ साली त्यांच्यामागून आले मॉर्टिमर व्हीलर. अश्वाचा रक्षक, यज्ञाची दीक्षा घेतलेला, आणि रथाची चाके करणारा! अश्वमेधाची एवढी परिपूर्ण सिद्धता तर प्रत्यक्ष युधिष्ठिरालाही एका खात्यात जमवता आली नसती. यज्ञाच्या अखेरीस, रिवाजाप्रमाणे, साम्राज्य वाढावयाचे ते १९४७ साली आटोपले, हा ऋत्विजांचा दोष नव्हे. व्हीलरांनी चार वर्षांत अरिकमेडू, हडप्पा, ब्रह्मगिरी अशी उत्खनने केली, तक्षशिलेस शाळा भरवून तरुण हिंदी संशोधकांना थर ओळखावयास शिकविले, आणि ते शिकविताना लष्करी शिस्तीचा असा बडगा चालविला की, विद्यार्थ्यांचा पुढे जन्मभर खणताना हात सरळ राहिला. हडप्पाच्या मातीत खेळण्यातल्या गाड्या निघतात, भाजल्या मातीच्या, तशाच चाकांच्या. चार-साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या कुणा पोराच्या गाडीचे चाक व्हीलर आडनावाच्या मनुष्याने हाती धरावे, यात मला जी गंमत वाटते ती त्यांना वाटली असेल की नाही, सांगवत नाही. इंग्रजाला स्वतःच्या आडनावाचा अर्थ सहसा ऐकू येत नाही.

आणखी एक व्हीलर आपल्या इतिहासात येतात, ते जनरल ह्यू व्हीलर. १८५७ च्या जूनमध्ये कानपूरच्या तटबंदीत ते वेढले गेले, आणि ज्यांच्या भरवशावर त्यांनी खजिन्याच्या पहाऱ्याची व्यवस्था सोपविली होती, ते नानासाहेब पेशवे जन्माने पनवेलच्या शेजारच्या कर्जत तालुक्यातील वेणगावचे. पुढे गंगेच्या घाटावर जे घडले ते विनोदी लेखाच्या कक्षेत येत नाही. तेव्हा येथून गाडी पुढे हाकतो.

सर्वसाधारण मराठी माणसाला जो व्हीलर ठाऊक आहे तो यांपैकी कोणीच नव्हे. तो फलाटावरचा. लोकलच्या वेळापत्रकासाठी, रविवारच्या पुरवणीसाठी, दिवाळी अंक घरी विकत न घेता उभ्याउभ्या वाचून काढण्यासाठी ज्याच्या पुढ्यात आपण पिढ्यान्‌पिढ्या उभे राहिलो, त्या लाकडी दुकानाच्या माथ्यावर ए. एच. व्हीलर हे नाव असे. ही पेढी १८७७ साली अलाहाबादेस निघाली, ती एमिल मोरो नावाच्या फ्रेंच वंशाच्या गृहस्थाने आणि टी. के. बॅनर्जी या बंगाली सहकाऱ्याने. नाव घेतले लंडनमधील एका पुस्तकविक्रेत्याचे, उसने. म्हणजे धंदा पुस्तकांचा, मालक फ्रेंच आणि बंगाली, आडनाव इंग्रज सुताराचे, आणि गिऱ्हाईक बोरिबंदरचे. किपलिंगची सहा पुस्तके याच पेढीने १८८८ साली रुपया रुपयाला काढून आगगाडीच्या उतारूंना विकली, आणि मुंबईत जन्मलेला तो तरुण लेखक फलाटावरून जगात गेला. २००४ साली या पेढीची मक्तेदारी रेल्वेने संपविली. इतकी वर्षे त्या दुकानांतून कोणी व्हीलर कधी बसला नाही, आणि त्यावाचून कोणाचे अडलेही नाही. उसन्या आडनावाचा इतका प्रामाणिक संसार आमच्या नाटकमंडळ्यांनाही साधला नसेल.

उसने म्हणावे तर पनवेलीत त्याहून जुना आणि अधिक गोड दाखला आहे. येथील बेने इस्रायलांचे बेथ एल हे प्रार्थनामंदिर १८४९ सालचे. कोकणच्या किनाऱ्यावर ही मंडळी तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. इंग्रजी शिरस्ता असता तर त्यांचे आडनाव तेथेच पक्के झाले असते. पण त्यांनी आडनावे घेतली ती गावांची, पेणकर, रोहेकर, चेऊलकर, दिवेकर, आणि नावे ठेवली ती समाजी, हसाजी, अबाजी अशी, अगदी आंग्र्यांच्या आरमारात खपून जावी अशी. पुढे इंग्रजी अंमलात समाजी हसाजी दिवेकरांना सॅम्युएल इझेकिएल म्हणू लागले. १७९६ साली मुंबईतील पहिले सिनेगॉग त्यांनी बांधले आणि मांडवीच्या सॅम्युएल स्ट्रीटला त्यांचे नाव पडले. त्या रस्त्यावरून जाणाराने कोणी गोरा साहेब डोळ्यांपुढे आणला, तर त्याचा दोष नाही. दिवेआगरचे नारळ त्याला कसे दिसावेत?

असो. चाकांकडे वळू. १८३० साली गव्हर्नर माल्कमने बोरघाटातून गाडीरस्ता खुला केला आणि मुंबईहून पुण्यास निघालेला साहेब होडीने पनवेल बंदरात उतरून येथून चाकांवर बसू लागला. १८६३ साली घाटातली आगगाडी कर्जतवरून गेली आणि तिने पनवेलला बगल दिली. गाडीवानांचे तांडे विरळ झाले, बंदर गाळाने भरत गेले, चाकांच्या आळीतले वाकसाचे ठोके मंदावले. तरी चाकाने हे गाव सोडले नाही. शेजारच्या कळंबोलीस लोखंड-पोलादाचा बाजार येऊन बसला, जणू धावेची पट्टी कमी पडू नये म्हणून. आणि त्याच कळंबोलीपासून पुण्याकडे जाणारा द्रुतगती महामार्ग सुरू होतो.

एखादा अस्सल व्हीलर साहेब पूर्वजांचा शोध घेत आज येथे आला तर त्याचे काय होईल, याची मला खरी धास्ती आहे. स्थानकाबाहेर पाऊल ठेवताच त्याला फलक दिसेल, त्यावर घराण्याचे नाव. चार पावलांवर दुसरा फलक, त्यावरही तेच. आपले कुलवृत्तांत ज्या गावी इतक्या उघडपणे रंगविलेले आहेत, त्या गावी धाकट्या, मधल्या आणि थोरल्या पातीचे असे तीन वंश नांदत आहेत, हे त्याला कळावयास वेळ लागणार नाही: टू-व्हीलर, थ्री-व्हीलर आणि फोर-व्हीलर. प्रादेशिक परिवहन कार्यालयात जाऊन तो चौकशी करील, तेव्हा तेथील लिपिक त्याला एम.एच. ४६ या शिक्क्याखाली नोंदलेल्या व्हीलरांची संख्या सांगेल, आणि इंग्लंडातल्या सगळ्या पॅरिश-दफ्तरांचा अभ्यास करून आलेला तो गृहस्थ मटकन खाली बसेल. मधल्या पातीचे लोक मीटरप्रमाणे वागत नाहीत, अशी त्यांची कैफियत त्याला पहिल्या तासातच ऐकावी लागेल. धाकटी पात अल्पसंतुष्ट असून पदपथावरही संसार मांडते, हे तो आपल्या रोजनिशीत नमूद करील. पण थोरल्या पातीविषयी त्याच्या मनाला जी चुटपुट लागेल ती निराळीच; कारण बाजारपेठेत जेथे जेथे म्हणून तो जाईल तेथे तेथे तांबड्या अक्षरांत असेच लिहिलेले आढळेल की, फोर-व्हीलर उभा करण्यास मनाई आहे, केल्यास उचलून नेण्यात येईल, आणि सोडवून घेण्याचा दंड चौकीवर भरावा.